बंद घरातली इन्व्हर्टरची बॅटरी : दोनच वर्षांत निकामी का झाली?

इन्व्हर्टरची बॅटरी वापरून झिजते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती नुसती पडून राहिली तरी मरते, आणि झिजण्यापेक्षा कितीतरी लवकर मरते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं. चांगली ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटची, पाणी घालावी लागणारी) बॅटरी नियमित चार्ज होत राहिली आणि वेळेवर पाणी मिळालं तर पाच-सहा वर्षं चालते. तीच बॅटरी कोकणातल्या वर्षाचे दहा महिने कुलूप असलेल्या घरात दोन वर्षांत मान टाकते. मग बॅटरी डुप्लिकेट निघाली म्हणून दुकानदाराशी वाद होतो आणि त्याच सवयी ठेवून नवी बॅटरी आणली जाते. ती पुन्हा दोन वर्षांनी जाते.

पुढचं प्रकरण नमुन्याचं आहे. चाकरमान्यांच्या अनेक घरांत थोड्याफार फरकाने हेच घडतं, म्हणून कुणाची ओळख न देता ते एकाच घराच्या रूपात मांडलं आहे. त्यातले आकडे अशा बॅटरीत नेहमी आढळतात तसे आहेत.

घर, बॅटरी आणि तक्रार

संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतलं चिऱ्याचं, कौलारू घर. घरची मंडळी डोंबिवलीला. घर उघडतं ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. २०२२च्या गणपतीआधी त्यांनी ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील याचं माप) उंच ट्युब्युलर बॅटरी बसवली. लोड बेताचा : तीन सीलिंग फॅन आणि सहा एलईडी दिवे, मिळून साधारण २८० वॉट. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर बॅटरीतून २८ अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. नव्या १५० एएच बॅटरीवर हा लोड चार तास चालायला हवा, आणि पहिल्या गणपतीत तसा तो चाललाही.

२०२४च्या गणपतीत लाइट गेली आणि वीस मिनिटांत इन्व्हर्टरने शिटी मारली. लाइट आल्यावर दीड तासात ‘बॅटरी फुल’चा हिरवा दिवा लागला. पुन्हा लाइट गेली, पुन्हा वीस मिनिटं. घरच्यांचा प्रश्न रास्त होता : “वर्षातून महिना-दीड महिना वापरतो, तेवढ्यात बॅटरी गेली कशी?”

त्या दोन वर्षांचा हिशेब मांडला की उत्तर दिसू लागतं. २०२२च्या गणपतीनंतर घर बंद झालं ते मार्चमधल्या शिमग्यापर्यंत, म्हणजे साडेपाच महिने. २०२३च्या मेअखेरीपासून गणपतीपर्यंत साडेतीन महिने. त्या गणपतीनंतर पुन्हा शिमग्यापर्यंत सहा महिने. मग मे २०२४ ते गणपती, तीन महिने. प्रत्येक वेळी निघताना घरच्यांनी मेन स्विच बंद केला. मृगाच्या आधी आणि हस्तात कोकणात विजा कशा पडतात हे माहीत असलेला कुणीही तेच करेल, आणि ते योग्यच आहे. पण इन्व्हर्टरचा समोरचा स्विच चालूच राहिला.

पाच दिवसांत रिकामी

मेन बंद झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली. तो लगेच बॅटरीवर जातो आणि घरातल्या वायरिंगला २३० व्होल्ट देत बसतो. घरात एकही दिवा लागलेला नसला तरी त्याला स्वतःला चालू राहायला वीज लागते. या आकाराच्या इन्व्हर्टरचा बिनलोडचा खप १० ते २० वॉट असतो. १५ वॉट धरला तर बॅटरीतून सव्वा अँपिअर जातो. १५० एएच भागिले सव्वा, म्हणजे १२० तास. मंडळी गाडीत बसल्यापासून पाचव्या दिवशी बॅटरी तळाला गेलेली असते.

१०.५ व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. तिथे संरक्षण झालं असं वाटतं, पण ते पुरेसं नाही. कटऑफनंतरही अनेक मॉडेलमध्ये कंट्रोल सर्किट आणि इंडिकेटर काही मिलिअँपिअर घेत राहतात. ३० मिलिअँपिअर ऐकायला काहीच नाही, पण १८० दिवसांत तो जवळजवळ १३० एएच होतो. म्हणजे समोरचा स्विच बंद केला, पण बॅटरीची वायर जोडलेलीच ठेवली, तरी गणपती ते शिमगा या काळात पूर्ण भरलेली बॅटरी जवळपास रिकामी होऊ शकते. या प्रकरणातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. “आम्ही इन्व्हर्टर बंद करून जातो,” असं सांगणाऱ्या घरांतल्या बॅटऱ्याही याच कारणाने जातात.

वायर काढून ठेवली तरी बॅटरी आपोआप थोडी उतरतेच. नवी ट्युब्युलर महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के उतरते, जुनी झाल्यावर जास्त, आणि उष्णता वाढली की हा वेग वाढतो. हे उतरणं सांभाळता येतं. पाच दिवसांत तळाला जाऊन सहा महिने तिथेच पडून राहणं सांभाळता येत नाही.

रिकामी राहिल्यावर आत काय होतं

भरलेल्या बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड असतं, निगेटिव्हवर सच्छिद्र शिसं, आणि मध्ये सल्फ्युरिक ॲसिड मिसळलेलं पाणी. वीज ओढली की ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटवर जाऊन लेड सल्फेट तयार होतं आणि मागे जवळपास पाणीच उरतं. म्हणून ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची पाण्याच्या तुलनेतली घनता, उतरते. चार्ज करताना सगळं उलटं होऊन सल्फेट परत पाण्यात येतं.

ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं, ते सहज परततं. पण आठवडे, महिने तसंच राहिलं तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात. पिठीसाखर आणि खडीसाखर यांच्या विरघळण्यात जो फरक, तोच इथे पडतो. मोठ्या, कठीण स्फटिकांवर साध्या चार्जरचा परिणाम होत नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो आणि बॅटरीचा आतला रोध वाढतो.

‘फुल’चा हिरवा दिवा दीड तासात का लागला, तेही यातच आहे. चार्जर बॅटरीत किती वीज गेली हे मोजत नाही. तो व्होल्टेज बघतो. १४.४ व्होल्टच्या आसपास पोचलं की करंट कमी करत जातो आणि शेवटी १३.६-१३.८ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी तशीच राखणाऱ्या व्होल्टेजवर येतो. सल्फेट झालेल्या बॅटरीत रोध जास्त, त्यामुळे व्होल्टेज पटकन चढतं आणि चार्जर फसतो. रिकाम्या १५० एएच बॅटरीला १२ अँपिअरचा चार्जर भरायला १४ तासांहून जास्त लागतात, कारण शेवटचा पाचवा हिस्सा फार सावकाश भरतो. हाच दिवा दीड-दोन तासांत लागू लागला, तर ती बॅटरी खराब होत असल्याची सगळ्यात पहिली खूण समजावी.

तपासणी

आधी डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवायची, कारण दोन टर्मिनलमध्ये धातू आडवा आला तर तो क्षणात लाल होतो. कपडे जुने घालावेत, ॲसिडचा थेंब सुती कापडाला भोक पाडतो. बादलीभर पाणी आणि खाण्याचा सोडा जवळ ठेवावा. खिडक्या उघड्या हव्यात. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीनेही पेटतो. या घरात बॅटरी माजघरात, देवघराच्या शेजारी होती. गणपतीत तिथे रात्रंदिवस समई तेवत असते. बॅटरी पडवीत हलवणं हे या तपासणीतलं पहिलं काम ठरलं.

बॅटरीत सहा कप्पे, म्हणजे सेल असतात. प्रत्येक सेलचं फ्लोट बूच (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती दांडी असलेलं झाकण) काढलं. पाच सेलमध्ये पाणी खालच्या खुणेच्या जरा खाली होतं. सहाव्या, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनलकडच्या सेलमध्ये फ्लोटची दांडी पांढऱ्या क्षाराने बुचात चिकटून वरच अडकली होती. बाहेरून पातळी ठीक दिसत होती. बूच काढून टॉर्च मारला तर प्लेटचा वरचा बोटभर भाग पाण्याबाहेर, कोरडा आणि पांढुरका. असा उघडा पडलेला निगेटिव्ह प्लेटचा भाग हवेत ऑक्सिडाइझ होतो आणि पाणी भरलं तरी पहिल्यासारखा होत नाही. फ्लोटच्या रंगावर विसंबू नये. वर्षातून दोनदा तरी प्रत्येक दांडी बोटाने खाली दाबून, सुटी हलते का ते बघावं.

प्लेट उघड्या होत्या तिथे त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर आधी घातलं. बाकीचं चार्जिंगनंतर, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर ॲसिड बाहेर सांडतं. सहाव्या सेलला एकूण जवळपास लिटरभर लागलं, बाकीच्यांना अडीचशे ते तीनशे मिली. बोलता बोलता कळलं की मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून विहिरीचं पाणी गाळून घातलं होतं. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं. ते एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटकडे फेऱ्या मारत राहतं, दर फेरीत थोडा चार्ज खातं आणि कधी संपत नाही. गाळल्याने किंवा उकळल्याने विरघळलेले क्षार जात नाहीत, आणि फिल्टरचं पाणीही चालत नाही. पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन घरात नेहमी असावा. ॲसिड तर वरून कधीच घालू नये.

इन्व्हर्टरवर २४ तास चार्जिंग केलं, मग वायर काढून बॅटरी चार तास शांत ठेवली आणि हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी घेतली : १.१८०, १.१७५, १.१८५, १.१७०, १.१८० आणि सहावा सेल १.०९०. टर्मिनलवर मल्टिमीटरने १२.०२ व्होल्ट.

या आकड्यांची एकमेकांशी पडताळणी करता येते, आणि ती प्रत्येकाने करावी. एका सेलच्या ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवलं की त्या सेलचं स्थिर व्होल्टेज मिळतं. सहाही सेलची बेरीज १२.०२ येते, म्हणजे वाचन बरोबर आहे. आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीची पूर्ण चार्ज ग्रॅव्हिटी बहुधा १.२४० असते, त्यावरून भरलेल्या बॅटरीचं स्थिर व्होल्टेज साडेबाराच्या आसपास येतं. इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा १२.७ चा आकडा गाडीच्या बॅटरीचा आहे. तिचं ॲसिड जास्त तीव्र, १.२८० चं असतं. तो आकडा डोक्यात धरून चांगल्या इन्व्हर्टर बॅटरीला लोक उगाच नावं ठेवतात.

आपल्या बॅटरीवर किंवा तिच्या कार्डावर पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी छापलेली असते, तीच धरावी. हायड्रोमीटर वाचताना ॲसिडचं तापमान २७ अंशांच्या वर असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवायचं. मे महिन्यात दुपारी ३७ अंशांना घेतलेलं वाचन ०.००७ ने कमी दिसतं.

दुकानातला सल्ला आणि प्रत्यक्ष उपाय

ग्रॅव्हिटी कमी म्हटलं की “ॲसिड बदलून देतो” असं सांगणारे भेटतात. त्याला नकार द्यावा. कमी पडलेलं ॲसिड कुठे उडून गेलेलं नाही, ते सल्फेट होऊन प्लेटमध्ये बसलं आहे. वरून नवं ॲसिड घातलं की हायड्रोमीटर खूश होतो, बॅटरी मात्र तशीच राहते. पुढे थोडंफार सल्फेट सुटलंच तर ग्रॅव्हिटी १.३०० कडे जाते आणि पॉझिटिव्ह प्लेटच्या आतल्या शिशाच्या काड्या झपाट्याने खाल्ल्या जातात.

करण्यासारखा उपाय एकच, कमी करंटचं लांब चार्जिंग. इन्व्हर्टरच्या चार्जरला ते जमत नाही, तो १४.४ ला अडतो. म्हणून बॅटरी इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवून बॅटरीवाल्याकडे ‘चार्जिंगला टाकली’ आणि तीन अँपिअरच लावायला सांगितलं. दुकानात घाई असते. जास्त करंट लावून रात्रीत भरून देण्याचा त्यांचा कल असतो, आणि सल्फेट झालेल्या प्लेट त्याने तापतात. तीन अँपिअरवर शेवटी व्होल्टेज साडेपंधरा-सोळापर्यंत जातं, ते अपेक्षितच असतं. बुचं सैल ठेवायची, ॲसिड ५० अंशांवर जाऊ लागलं तर थांबायचं, आणि तासातासाने घेतलेली तीन वाचनं सारखी आली की काम झालं.

साठ तासांनी ग्रॅव्हिटी आली : १.२३०, १.२२५, १.२३०, १.२२०, १.२३० आणि सहाव्याची १.१५०. पाच सेल बऱ्यापैकी परतले, सहावा नाही.

तरी ग्रॅव्हिटी म्हणजे क्षमता नव्हे, म्हणून लोड टेस्ट घेतली. गाडीचे ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब समांतर जोडले, साधारण ९ अँपिअर. साडेसहा तासांत टर्मिनल १०.८ व्होल्टवर आलं. म्हणजे ५८-५९ एएच, मूळच्या ४० टक्क्यांच्या आसपास. बाकीचे पाच सेल १.९८ वर धरले तरी सहाव्याच्या वाट्याला ०.९ व्होल्टच उरतो. सहाही सेल एका माळेत असतात, त्यामुळे सगळ्यात दुबळा सेल पूर्ण बॅटरीची वेळ ठरवतो. त्याला आणखी ओढलं तर तो उलटा चार्ज होऊ लागतो.

निर्णय बॅटरी बदलण्याचा झाला, आणि तो बरोबर होता. एक सेल बदलून देण्याची सोय या बंद डब्यांत नसते. सहावा सेलही १.२०० च्या वर आला असता, तर लांब चार्जिंगचे आणखी दोन फेरे करून बघण्यात अर्थ होता. घर पहिल्यांदा साडेपाच महिने बंद राहिल्यानंतर, म्हणजे २०२३च्या शिमग्यालाच हे केलं असतं तर ही बॅटरी बहुधा वाचली असती.

नवी बॅटरी, नवी पद्धत

नव्या बॅटरीबरोबर एक स्विच बसवला. ट्रक-बसमध्ये बॅटरी तोडायला वापरतात तो कटऑफ स्विच, निगेटिव्ह वायरवर. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ८० अँपिअरपर्यंत ओढू शकतो, म्हणून स्विच सलग १०० अँपिअर किंवा अधिक क्षमतेचा हवा. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगचा एमसीबी इथे लावू नये, बॅटरीच्या डीसी करंटचा आर्क (स्विच उघडताना पेटणारी ठिणगी) तो नीट तोडत नाही. स्विच नको असेल तर १३ नंबरच्या पान्याने निगेटिव्ह लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) सोडवून, कापडात गुंडाळून बाजूला ठेवला तरी काम तेच होतं. पण ज्यांना दर महिन्याला कुणाकडून तरी चार्जिंग करून घ्यायचं आहे त्यांनी स्विचच लावावा. शेजाऱ्यांना पाना हातात घ्यायला लावणं सुरक्षित नाही.

घर बंद करतानाचा क्रम असा ठरला :

१. निघण्याआधी मेनची लाइट सलग १२ ते १४ तास हवी. विसर्जनाच्या रात्री तीन तास लाइट गेली तर ८०-८५ एएच खर्च होतात. १२ अँपिअरच्या चार्जरला ते परत भरायला, शेवटचा सावकाश भाग धरून, १० ते १२ तास लागतात. पहाटेची गाडी पकडायची म्हणून अर्धी भरलेली बॅटरी सोडून जाऊ नये. लाइट आदल्या रात्री गेली असेल तर निघणं दुपारवर ढकलावं.

२. पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत.

३. इन्व्हर्टरचा समोरचा स्विच बंद.

४. बॅटरीचा कटऑफ स्विच बंद.

५. शेवटी घराचा मेन.

तिसरी आणि चौथी पायरी विसरून पाचवी केली तर इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, म्हणून हा क्रम मेन स्विचच्या बोर्डावरच चिकटवून ठेवला.

एवढ्यावर बॅटरी तीन-साडेतीन महिने निर्धास्त राहते. मे ते गणपती हा काळ त्यात बसतो. गणपती ते शिमगा बसत नाही, तिथे मध्ये चार्जिंग हवंच. वाडीतल्या शेजारच्या काकांकडे किल्ली असते. त्यांनी दर संकष्टीला पडवीचं दार उघडायचं, बॅटरीचा स्विच चालू करायचा, मेन चालू करायचा, आठ तासांनी उलट्या क्रमाने दोन्ही बंद करायचे. समोरच्या स्विचला हात लावायचा नाही. तो बंद असला तरी बहुतेक इन्व्हर्टर चार्जिंग करतात, पण आपल्या मॉडेलमध्ये तसं होतं का, हे मंडळी घरी असतानाच एकदा तपासून घ्यावं. महिन्याभरात उतरलेले पाच-आठ एएच भरायला आठ तास पुरतात. आभाळ गडगडत असेल तर त्या दिवशी नाही, दोन-चार दिवसांनी. संकष्टी ठरवली कारण ती गावात सगळ्यांच्या लक्षात असते.

घर उघडताना आधी खिडक्या, मग पाण्याची पातळी, मग बॅटरीचा स्विच आणि मेन. बॅटरी पुन्हा जोडताना इन्व्हर्टरमधले कॅपॅसिटर भरतात आणि बारीक ठिणगी पडते, म्हणून बुचं घट्ट आणि हवा खेळती हवी. पहिल्या दिवशी आठ-दहा तास बॅटरीवर लोड येऊ न देता चार्ज होऊ द्यावं.

याच घरात आणखी एक चूक सापडली. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच ‘यूपीएस’वर होता. त्या मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर १८० व्होल्टच्या खाली मेनला लाइट मानतच नाहीत. गणपतीत सगळी वाडी भरलेली असते, संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येतं, आणि घरात लाइट असूनही बॅटरी उतरत राहते. स्विच ‘नॉर्मल’वर केला की १०० व्होल्टपर्यंत मेन चालतो. कॉम्प्युटर नसलेल्या घरात यूपीएस मोडची गरज नाही. जवळच बॅटरीचा प्रकार ठरवणारा स्विच असतो. तो ‘ट्युब्युलर’वरच आहे ना हेही बघावं. एसएमएफवर (पाणी न लागणाऱ्या सीलबंद बॅटरीच्या सेटिंगवर) राहिला तर चार्जिंगचं व्होल्टेज कमी पडतं आणि घर उघडं असतानाही बॅटरी पूर्ण भरत नाही.

काकांची सोय नसेल तर

सगळ्यांकडे किल्ली ठेवायला शेजारी नसतो. तिथे लहान सोलर पॅनेल हा चांगला मार्ग आहे. आपोआप उतरणं महिन्याला ५ टक्के धरलं तर दिवसाला पाव एएच भरून काढायचा आहे, आणि पॅनेल व बॅटरी यांच्या मध्ये चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा स्वतःचा खप साधारण तेवढाच. ४०-५० वॉटचं पॅनेल कोकणातल्या आषाढातही याच्या कित्येक पट देतं. कंट्रोलरवर पाण्याच्या बॅटरीची सेटिंग हवी, फ्लोट १३.६ ते १३.८. पॅनेल कटऑफ स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडायचं, म्हणजे इन्व्हर्टर तुटलेला असताना चार्जिंग चालू राहील. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभराच्या आत १० अँपिअरचा फ्यूज. पॅनेल कौलांच्या माथ्यावर न लावता पडवीच्या दक्षिण बाजूला, खाली, आखूड वायरवर लावावं, आणि फणसाची, आंब्याची सावली दुपारी तिथे पडत नाही ना ते आधी बघून घ्यावं.

लिथियमची बॅटरी घेतली तर? लिथियम आयर्न फॉस्फेटला सल्फेटचा त्रास नाही, पाणी नाही, वायू नाही. बंद घराला ती सोयीची आहे. पण तिची सवय उलटी आहे. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, लिथियमची अर्धी-साठ टक्के. आणि इन्व्हर्टरला जोडलेलीच ठेवली तर तीही तळाला जाते. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) सेलची जोडणी तोडतो, तरी त्याचा स्वतःचा खप चालू राहतो, आणि सेल फार खाली गेले की ती बॅटरी पुन्हा चार्ज घेत नाही. कटऑफ स्विच तिलाही लावावाच लागेल.

नव्या बॅटरीची पहिली कसोटी मार्च २०२५च्या शिमग्याला होती. सप्टेंबरपासून काकांनी न चुकता चार्जिंग केलं होतं. घर उघडल्यावर मेन लावण्याआधीच ग्रॅव्हिटी घेतली, सहाही सेल १.२३० आणि १.२३५ च्या दरम्यान. त्या रात्री होमाच्या वेळी लाइट गेली, आणि पंखे-दिवे तीन तासांहून जास्त चालले, तेही मेन परत आला म्हणून थांबले.

जुनी बॅटरी दुकानदाराने नव्याच्या किमतीत वळती करून घेतली. शिशाची बॅटरी वजनावर जाते, बंद पडलेलीलाही चांगली किंमत येते, आणि २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला दिली तर तो वजन कमी करायला ॲसिड पऱ्यात (ओढ्यात) ओतून देतो, आणि त्याबरोबर शिसंही वाहत जातं. पावती घेऊनच द्यावी. बॅटरी ५५-६० किलोची असते, टेम्पोत उभीच ठेवावी, बुचं घट्ट लावावीत आणि टर्मिनलवर रबराचे तुकडे बांधावेत.